सूनबाईचा साइड ड्रम

आधीच सांगून ठेवते, मी भांडखोर बाई आहे. लोक हे माझ्या पाठीमागे म्हणतात, मी तोंडावर सांगते, एवढाच फरक. निम्म्याहून जास्त आयुष्य मी गावाच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवला. कमरेइतक्या उंच स्टँडवर ठेवतात ना, तो चपटा ड्रम. त्याच्या पोटाखाली तारा ताणलेल्या असतात, म्हणून तो नुसता घुमत नाही, कडकडतो. बँडमधले बासरीवाले चुकले तर कोणाला पत्ता लागत नाही. साइड ड्रमवाली चुकली तर बाहेर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही कळतं. असल्या जागी उभं राहून स्वभाव मऊ राहत नाही.

आता माझा उजवा अंगठा संपावर गेलाय. काठी धरली की कळ थेट कोपरापर्यंत जाते. डॉक्टर म्हणाले, "वयाप्रमाणे होणारच." मी म्हटलं, "डावाही त्याच वयाचा आहे, तो कसा बरा चालतो?" डॉक्टर नुसते हसले. मग वाजवणं सोडलं आणि शिकवायला लागले. टायरच्या दुकानावर एक खोली आहे. खाली हवा भरायचं मशीन दिवसभर धडधडत असतं, त्यामुळे आमच्या आवाजाबद्दल बोलायला तिथे कोणाला तोंड नाही.

तोंड आहे ते आमच्या चिरंजीवांना. चिरंजीव एका विमा कंपनीचे फोन घरी बसून घेतात. कोणाची गाडी ठोकली, कोणाचं छप्पर गळलं, की तो माणूस ह्यांना फोन करून ओरडतो आणि हे त्याला शांतपणे समजावतात. काम वाईट नाही, पण त्या कामापायी घराचं पार वाचनालय करून टाकलंय. खुर्च्यांच्या पायांना नमद्याचे, त्या जाड लोकरी कापडाचे, तुकडे चिकटवलेत. दारांच्या कडांना स्पंजाच्या पट्ट्या लावल्यात. भांडं सिंकमध्ये ठेवायचं, टाकायचं नाही. मला सांगतात, "आई, जरा हळू." मला! मी ज्या बँडमध्ये वाजवलं त्यात लोक एकमेकांशी खुणांनी बोलायचे.

आणि सूनबाई? सूनबाईला ह्यातलं काहीच जड गेलं नाही, कारण ती बोलतेच इतकं हळू की तिच्या आवाजाला नमदा लावायची गरजच नव्हती. चष्म्याच्या दुकानात काम करते. डोळ्याला भिंग लावून चष्म्याच्या काड्यांचे ते मुंगीएवढे स्क्रू बसवत असते. गिऱ्हाईक सारखं "काय म्हणालात?" विचारतं आणि ही परत तितक्याच आवाजात सांगते. लग्न होऊन आली तेव्हा मी मनात म्हटलं, झालं, माझ्या तडाख्यात ही बिचारी आठवडाभर टिकायची नाही.

मी पार चुकले. एकदा मी किल्ली घरीच विसरले, ती द्यायला सूनबाई क्लासच्या खोलीवर आली. मी एका मुलीला झापत होते, म्हणून ही टेबलापाशी थांबली. तिथे सरावाचा पॅड पडला होता. लाकडी फळीवर रबराची चकती चिकटवलेली असते, नवशिक्यांना त्याच्यावरच बसवायचं. शेजारी काठ्या होत्या. हिने त्या सहज उचलल्या आणि चकतीवर सोडल्या.

'सोडल्या' म्हणतेय मी, 'मारल्या' नाही. लोक वर्ष वर्ष घासतात तरी त्यांना हे कळत नाही. काठी आपटायची नसते, सोडायची असते. खाली टाकलेला चेंडू आपला आपण वर येतो, तशी ती येते. आपण फक्त तिच्या आड यायचं नाही. ह्या बाईचं मनगट पहिल्याच दिवशी असं मोकळं होतं की मी झापायची थांबले.

"कोणी शिकवलं तुला?"

"कोणी नाही. स्क्रू फिरवताना हात असाच सैल ठेवावा लागतो, आई. घट्ट धरला की स्क्रू पळतो."

"शिकायचंय?"

तिने किल्ली माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "तुम्ही विचाराल म्हणून कधीची वाट बघत होते."

घ्या! एकाच छपराखाली राहून मला पत्ता नाही.

शिकवणी सुरू झाली. दोन उजवे, दोन डावे. पुन्हा दोन उजवे, दोन डावे. आधी इतकं सावकाश की मधल्या वेळात चहा घेऊन यावं. मग थोडं जलद, मग आणखी. सगळे ठोके एकसारखे पडले की एका क्षणी ते वेगळे ऐकू येईनासे होतात आणि सलग घर्र्र असा आवाज निघतो. त्याला रोल म्हणतात. माझा रोल यायला मी घरच्यांचा जीव खाल्ला होता. हिचा कधी आला ते हिलाही कळलं नाही.

पण क्लासात आठवड्यातून दोन वेळा वाजवून हात तयार होत नाहीत, सराव रोज लागतो. रोज म्हणजे घरी. पहिल्याच संध्याकाळी चिरंजीव माझ्या खोलीच्या दारात आले.

"भिंतीत कोणी खिळे ठोकतंय का?"

सूनबाईच्या हातातल्या काठ्या मांडीखाली गेल्या. मी म्हटलं, "ती सराव करतेय."

"कसला?"

"कसला म्हणजे? ड्रमचा."

त्यांचा चेहरा असा पडला की मला हसू आलं. मला म्हणाले, "तुझं संपलं म्हणून मी सुटलो होतो गं." मग तिच्याकडे वळून अगदी प्रेमाने म्हणाले, "शीक ना, माझं काही नाही. फक्त मला ऐकू यायला नको."

आणि इथे मी माती खाल्ली. भांडायचं सोडून मी तोडगा काढला. कपाटातून टॉवेल काढला आणि पॅडवर घातला. टकटक कमी झाली. तरी दुसऱ्या दिवशी चिरंजीव खाकरले, तेव्हा दुहेरी टॉवेल. त्यानंतर माझी उशी. उशीवर काठी उसळत नाही, प्रत्येक ठोका मनगटाने उचलावा लागतो, त्यामुळे ताकद येते, असं मी तिला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. खोटं नव्हतं ते. पण मी उशी दिली ती ताकदीसाठी नव्हती, हे मलाही माहीत होतं.

वर्षभर असा आमचा कारभार चालला. दार लावून, कानात ताल मोजणाऱ्या यंत्राची टिकटिक लावून, उशीवर. बाहेर हूं की चूं नाही. क्लासात खऱ्या ड्रमवरही मी तिच्याकडून हळूचेच तुकडे घासून घेत होते, अवघड ते आधी म्हणून.

मग बँडची जागा रिकामी झाली. माझ्यानंतर साइड ड्रम धरणारा माणूस दुसऱ्या गावी राहायला गेला आणि मोठा कार्यक्रम तर तोंडावर आला होता. मी बँडमास्तरांना सांगितलं, "माझी सून आहे. वाजवून बघू द्या." मास्तर मला ओळखून आहेत, नाही म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

तालमीला मी मागे खुर्ची टाकून बसले. सूनबाई ड्रमसमोर उभी राहिली. तिच्या शेजारी मोठा ड्रम, बसून गुडघ्यांमध्ये धरावा एवढा नाही, चांगला माणसाच्या छातीपर्यंत येणारा. तो वाजवते आमची नर्सबाई. इस्पितळात रात्रंदिवस माणसं उलटीपालटी करते, त्यामुळे हातात जोर आहे आणि तोंडात शिव्या.

पहिला तुकडा अगदी हळू होता. सूनबाईने तो असा वाजवला की पुढच्या रांगेतल्यांनी माना वळवून बघितलं. हळू वाजवणं सर्वांत अवघड, भल्याभल्यांचे ठोके तिथे फुटतात. हिचा एकही फुटला नाही. माझी मान ताठ झाली.

मग मोठा तुकडा आला. तुताऱ्या उभ्या राहिल्या, ट्रॉम्बोन लागले, आणि साइड ड्रम गायब! बघावं तर हात चालताहेत, काठ्या चालताहेत, आवाज नाही. मास्तरांनी बँड थांबवला.

"ताई, आत बाळ झोपलंय का?"

सगळे हसले. पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा मास्तर हसले नाहीत. म्हणाले, "हात सुंदर आहे तुमचा. पण मला तिथे कडकडाट हवाय. पुढच्या तालमीपर्यंत आणा. नाही जमलं तर तुम्हाला ट्रँगल देऊ, तोही लागतोच."

ट्रँगल! लोखंडाची वाकवलेली सळई ती, दर पानाला एकदा टिंग करायची. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मास्तरांचं चूक काय होतं? काहीच नाही, आणि म्हणूनच जास्त राग आला.

दुसऱ्या दिवशी क्लासात तिला ड्रमसमोर उभं केलं आणि म्हटलं, "मार." ती वाजवायला लागली आणि मी डोळे फाडून बघत राहिले. काठी चार बोटांच्या वर जाईना. मी तिचं कोपर धरून हात वर नेला आणि सोडला. हात खाली आला, आणि ड्रमच्या कातड्याला लागायच्या नेमक्या आधी अडला. अगदी थोडासा. झोपलेल्या माणसाच्या खोलीचं दार आपण ओढतो आणि शेवटच्या क्षणी हाताने अडवतो ना, अगदी तसाच. तिला स्वतःला ते कळतही नव्हतं. तिचा हात वर्षभर एवढंच शिकला होता. मी शिकवलेले ठोके शिकला आणि त्यांच्याबरोबर टॉवेलही शिकला.

"अगं, हात का अडवतेस?"

"मी कुठे अडवतेय?"

मी तिला खाली दुकानात नेलं. टायरवाल्याकडे ट्रकचा जुना टायर होता. जाड काठ्या दिल्या आणि म्हटलं, ह्याच्यावर हाण. टायरवाला म्हणाला, "मारा बिनधास्त, पंक्चर झाला तर आपलंच दुकान आहे." दोनचार दिवस ती टायरवर तुटून पडली. घाम निथळेपर्यंत मारलं. हवेच्या मशीनच्या वर आवाज निघायला लागला. माझा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी घरी आलो, ती उशी घेऊन बसली, आणि बघते तर काठी पुन्हा चार बोटांवर.

तेव्हा मला कळलं. दुकानात कितीही मारलं तरी उपयोग नाही. भीती ह्या घरात शिकलीय, तर ती ह्या घरातच सुटायला हवी.

शनिवारी सकाळी चिरंजीवांना सुट्टी असते, फोन बंद असतात. मी क्लासातला ड्रम आणून बैठकीच्या खोलीत मधोमध उभा केला. चुकून नाही, चांगला त्यांच्या खुर्चीसमोर. ते चहाचा कप घेऊन आले आणि जागीच थबकले.

"आई, हे काय?"

"ड्रम."

"ते दिसतंय. आपलं काय ठरलं होतं?"

"तुझं ठरलं होतं. आम्ही फक्त ऐकून घेतलं. वाजव गं."

सूनबाईने काठ्या उचलल्या. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने सुरुवात केली, मोठ्या तुकड्यापर्यंत आली, हात वर गेला, आणि चिरंजीव म्हणाले, "थोडं हळू." एवढंच. ओरडले नाहीत, रागावलेही नाहीत, नेहमीसारखं म्हणाले. आणि तिचा हात हवेतच विरघळला.

मला मग राहवलं नाही. "खबरदार पुन्हा हळू म्हणालास तर! त्या एका शब्दाने हिचा हात मारलाय तू. नमदे लाव, पट्ट्या लाव, मला काय करायचं ते कर, पण हिला हळू म्हणायचं नाही!"

"मग दोघी मिळून मलाच घराबाहेर काढा!" चिरंजीव ओरडले. खरंच ओरडले. कप टेबलावर आपटला, चहा सांडला. "तुला माहितीय, आई, माझं अख्खं लहानपण माझ्या डोक्यात वाजतंय अजून? परीक्षा असो, ताप असो, तू वाजवत होतीस. मला एकदा तरी विचारलंस? चालेल का रे, असं?"

  खोटं कशाला बोलू? "नाही विचारलं," मी म्हटलं. "ते माझं आणि तुझं भांडण आहे. मला हवं तेवढं बोल, मी ऐकून घेईन. पण त्याचं उट्टं हिच्यावर का काढतोस? हिने तुझं काय घोडं मारलंय?"

 त्यांनी फडका घेऊन सांडलेला चहा पुसला. मग तिला म्हणाले, "बरं. हा कार्यक्रम करून घे. घरी सराव कर, मोठ्याने कर, मी काही बोलणार नाही. पण हा एकच. मग ड्रम घराबाहेर आणि विषय बंद. चालेल?"

मला वाटलं होतं ती आता तरी काही बोलेल. तिने मान हलवली. होकारार्थी! मला इतका संताप आला की सांगता सोय नाही. वाटलं, हिच्याच पाठीत दोन काठ्या घालाव्यात. वर्षभर मर मर मरायचं आणि एका कार्यक्रमावर सौदा करायचा? पण सून माझी असली तरी मान तिची होती.

चिरंजीव खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले. आणि सूनबाईने वाजवलं. पहिल्यांदा अडलं. दुसऱ्यांदा कमी अडलं. तिसऱ्यांदा हात कोपरापासून उठला आणि सरळ खाली आला, कोणीही न अडवता. खोलीत वीज पडल्यासारखा आवाज झाला. काचेच्या कपाटातले पेले किणकिणले. खालच्या मजल्यावरून कोणीतरी छत ठोकलं. तिने काठ्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "थांबलीस का?"

त्यानंतर ती रोज वाजवू लागली. चिरंजीवांनी शब्द पाळला, ते मान्य करायला हवं. कानात बोळे घालून बसायचे, पण हळू म्हणाले नाहीत. पुढच्या तालमीत मास्तरांनी मोठा तुकडा ऐकला, छडी खाली ठेवली आणि म्हणाले, "ट्रँगल दुसऱ्या कोणाला तरी द्या." नर्सबाईने तिच्या पाठीवर अशी थाप मारली की ती पुढे झुकली. सगळे खूश होते. मी नव्हते. माझ्या डोक्यात ती हललेली मान होती. एकदा विचारलंही, "कार्यक्रम झाल्यावर खरंच सोडणार?" ती काठ्या पुसत राहिली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह भरलं होतं. सूनबाईने घरी आणलेला तो क्लासातला ड्रमच मंचावर नेला होता, तिचा हात त्याच्यावर बसला होता म्हणून. मी आणि चिरंजीव मधल्या रांगेत बसलो. ते स्वतःहून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. पहिल्या दोन रचना बऱ्या झाल्या. शेवटची मोठी होती. तिच्या मधोमध एक जागा आहे, तिथे सगळं एकदम हळू होतं. डाव्या बाजूच्या बासऱ्या आणि क्लॅरिनेट तालाच्या अध्येमध्ये वाजतात, उजवीकडचे पितळेवाले, म्हणजे तुताऱ्या आणि ट्रॉम्बोन, नेमके तालावर. त्याखाली साइड ड्रम अगदी दबक्या आवाजात चालू असतो. त्या जागेला बँडवाले मनातून घाबरतात. माझ्या काळीही घाबरायचे.

आणि तिथेच गाडी घसरली. क्लॅरिनेटचा एक माणूस अर्धी मात्रा आधी शिरला, शेजारचे त्याच्या मागे गेले. आता डावी बाजू पुढे, उजवी बाजू मागे. मास्तर छडी हलवताहेत, पण घाबरलेला माणूस छडीकडे बघत नाही, कागदात तोंड खुपसतो. सगळ्यांची तोंडं कागदात होती. लोकांना अजून कळलं नव्हतं.

"सुटतंय," माझ्या शेजारून चिरंजीव पुटपुटले. "आई, सुटतंय ते."

मी त्यांच्याकडे बघितलं. अख्ख्या सभागृहात हे ह्यांना कळलं होतं! कळणारच. लहानपण डोक्यात वाजत होतं ना.

अशा वेळी एकच उपाय असतो. कोणीतरी ताल सगळ्यांच्या कानात घालायचा. आणि ते काम साइड ड्रमचं. पण कागदावर तिथे 'हळू' लिहिलेलं होतं, आणि मास्तरांचा डावा पंजाही तेच सांगत होता. खाली, खाली, आणखी हळू! बँड कोसळायला लागला की मास्तर लोक आधी आवाज दाबायला बघतात, म्हणजे गोंधळ कमी ऐकू येईल. मी सूनबाईकडे बघत होते. तिने मास्तरांचा पंजा बघितला. नीट बघितला. मग तिचा हात कोपरापासून वर गेला.

काड्! मास्तरांचे डोळे मोठे झाले. पंजा आणखी खाली गेला. तिने त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून दुसरा ठोका त्याहून मोठा मारला. तिसरा. चौथा. कागदात घुसलेली तोंडं एकेक करून वर आली. नर्सबाईने एकदा हिच्याकडे बघितलं, दात विचकले आणि मोठा ड्रम घेऊन हिच्या जोडीला उतरली. पितळेवाले सावरले, बासरीवाले अडखळत येऊन मिळाले, आणि दोन्ही बाजू एका तालावर आल्या. आल्याबरोबर सूनबाई पुन्हा खाली उतरली, दबक्या आवाजात, जणू काही झालंच नाही.

चिरंजीवांनी खुर्चीचा हात पकडून ठेवला होता, तो सोडला. "मास्तर तर हळू म्हणत होते," ते म्हणाले.

"हो. म्हणत होते."

टाळ्या संपल्यावर आम्ही रंगमंचामागच्या बोळात गेलो. तिथे वाद्यांच्या पेट्या पसरलेल्या, सगळे एकदम बोलत होते. मास्तर घामाने भिजून सूनबाईसमोर उभे होते.

"मी तुम्हाला हळू सांगत होतो."

"दिसलं मला," सूनबाई म्हणाली. "हळू वाजवलं असतं तर आपण अजून एकमेकांना शोधत बसलो असतो."

इतका वेळ ड्रमपाशी उभं राहून तिच्या कानात दडे बसले होते, म्हणून की काय, ती अशा आवाजात बोलली की बोळातल्या सगळ्यांनी वळून बघितलं. मास्तरांनी रुमालाने मान पुसली. खरं तर त्यांना रागवायचं होतं, पण कशावर रागवावं ते सापडेना. शेवटी म्हणाले, "मंगळवारी तालीम आहे. वेळेवर या," आणि निघून गेले.

चिरंजीव पुढे झाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, मी बघितलं. "छान वाजवलंस," ते म्हणाले. "खरंच. मला कळलं तू काय केलंस ते." मग नेहमीच्या समजूतदार आवाजात, जसे त्या गाडी ठोकलेल्या लोकांशी बोलतात तसे म्हणाले, "पण मंगळवारचं त्यांना आत्ताच सांगून टाकायला हवं होतंस ना? आपलं ठरलंय तसं. ड्रम इथूनच आईच्या क्लासवर पाठवून देऊ."

माझी जीभ वळवळली. पण मी तोंड उघडायच्या आत सूनबाईने काठ्या पिशवीत ठेवल्या आणि त्यांच्याकडे वळली.

"नाही."

"नाही म्हणजे? तू मान हलवली होतीस."

"हो, हलवली होती. घाबरले होते तेव्हा. आता तोंडाने सांगते. ड्रम घरी राहील. तुझे फोन चालू असताना मी वाजवणार नाही. बाकीच्या वेळात तुला विचारणार नाही."

नर्सबाई पेटी बंद करत होती, ती तशीच वाकून राहिली. चिरंजीवांचे कान लाल झाले. "आणि मला नाही चाललं तर?"

तिने पिशवीची चेन ओढली. रागाने नाही. मग म्हणाली, "तर तू कुठे राहायचं ते ठरव. मी आणि आई घरीच आहोत."

चिरंजीवांनी माझ्याकडे बघितलं. लहानपणी रस्त्यात पडले की असेच बघायचे, रडू की नको ते मला विचारल्यासारखे.  पोटचं पोर आहे. पण पोर म्हणून सगळ्याच वेळी उचलायचं नसतं.

"उभा काय राहिलास?" मी म्हटलं. "गाडी दाराशी आण. ड्रम घरी न्यायचाय."